फुलं ढीगभर, फळ एकही नाही: वेलभाज्यांचं हाताने परागीभवन कसं करावं

जून-जुलैत पुण्यातल्या गच्च्यांवर मांडव भरायला लागले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "वेल जोमात आहे, फुलंही खूप येतात, पण बोटभर फळ झालं की पिवळं पडून गळून जातं. काय फवारू?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: काहीही फवारू नका. ते फळ आजारी नाही, त्याच्या फुलाला पराग मिळालेला नाही. सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या चार कुंड्यांपर्यंत मधमाशी वेळेवर पोचेलच असं नाही. तिचं काम मग आपल्याला करावं लागतं.

दुधी, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी आणि लाल भोपळा या वेलभाज्यांसाठी ही रीत लिहिते आहे. काम पाच मिनिटांचं आहे. लोक चुकतात ते क्रमात आणि वेळेत, आणि वेळेतच जास्त.

१. आधी नर फूल आणि मादी फूल ओळखा

या भाज्यांमध्ये एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाठीमागे, देठाच्या टोकाला, त्या भाजीचं इवलंसं रूप आधीच दिसतं: दुधीला लव असलेली छोटी हिरवी बाटली, कारल्याला खडबडीत मणी, दोडक्याला शिरा असलेली काडी. हा बीजांडकोश. नर फुलाच्या मागे फक्त बारीक, लांब देठ असतो. दोडक्यात तर नर कळ्या एका दांड्यावर घोसाने येतात आणि रोज त्यातली एखाद-दुसरीच उमलते. मादी फूल मात्र एकटं असतं.

फुलाच्या आतही पाहून घ्या. नर फुलात पिवळी भुकटी धरलेले परागकोश असतात. मादी फुलात तीन भागांची, किंचित ओलसर कुक्षी असते, म्हणजे पराग जिथे पडायला हवा ते टोक. कारल्याची कुक्षी हिरवट असते आणि नवखे लोक तिलाच पुंकेसर समजतात. शंका आली तर फुलाच्या पाठीमागे पाहा, तिथे फसगत होत नाही.

आता सर्वात मोठा गैरसमज. फुलं यायला लागल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस बहुतेक नर फुलंच येतात आणि ती एका दिवसात गळतात. नर फूल गळणारच, त्याचं काम तेवढंच. एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुलं येणं हेही नेहमीचंच. ही गळ पाहून टॉनिक विकत आणू नका. मी आणलं होतं. फळं लवकर धरतील असं सांगून दुकानदाराने दिलेली बाटली आठ दिवस फवारली आणि नेमकी तेव्हाच मादी फुलं यायला लागली, त्यामुळे वर्षभर मी श्रेय त्या बाटलीला देत राहिले.

*तपासा:* महिना उलटला, वेल हिरवागार आहे आणि मादी फूल एकही नाही? मग खताकडे पाहा. युरिया किंवा शेणखताचा मारा जास्त झाला की वेल पानं आणि नर फुलंच काढत राहतो. कडक उन्हाळ्यातही नर फुलांचं प्रमाण वाढतं. खत थांबवा. दुधीच्या मुख्य वेलीचा शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

२. आपल्या वेलीचं फूल कधी उमलतं ते पाहा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो.

कोथरूडच्या घरी पहिल्यांदा दोडका लावला तेव्हा मी रोज सकाळी सातला ब्रश घेऊन गच्चीवर जायचे. कुठेतरी वाचलं होतं, परागीभवन सकाळी करायचं. दोडक्याची फुलं तेव्हा मलूल झालेली असायची. मी त्यांच्याच पाकळ्या उघडून ब्रश फिरवायचे. ओळीने अकरा फळं पिवळी पडली. शेवटी शेजारच्या काकू, मूळच्या रत्नागिरीच्या, कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अगो, शिराळ्याचं फूल तिन्हीसांजेला फुलतं. सकाळी त्यात काय शोधतेस?" त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला वर गेले. सकाळी लोंबणाऱ्या त्या वेलीवर फिकट पिवळी फुलं ताठ उघडली होती आणि मंद वासही येत होता. एका नर फुलाला करंगळी लावली तर टोक पिवळं झालं. सकाळी सातला त्याच वेलीवर माझा ब्रश कोरडाच राहायचा.

तर वेळा अशा आहेत:

- लाल भोपळा: पहाटे उमलतो, ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत मिटतो. काम सहा ते आठ.
- काकडी, कारलं, घोसाळं, कलिंगड: सकाळी. साडेसहा ते नऊ.
- दोडका: संध्याकाळी साडेपाच ते साडेसात.
- दुधी: पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं राहतं, सकाळी कोमेजतं. काम संध्याकाळी साडेसहा ते आठ, अंधार पडला तर बॅटरी घेऊन.
- पडवळ: झालरीचं पांढरं फूल, तेही अंधार पडता पडता.

रंग लक्षात ठेवला तर वेळ विसरायला होत नाही. ठळक पिवळी फुलं दिवसा मधमाश्यांना दिसतात, पांढरी फुलं काळोखात पतंगांना. दोडका पिवळा असूनही संध्याकाळचा, तेवढा अपवाद वेगळा ध्यानात ठेवा.

ढगाळ, गार दिवशी फुलं उशिरा उमलतात आणि जास्त वेळ उघडी राहतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला की सकाळचं काम आठच्या आत उरका, पराग लवकर सुकतो.

*तपासा:* घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. ताज्या नर फुलाला बोट किंवा काळ्या कापडाचा तुकडा हलकेच लावा. पिवळी भुकटी आली तर वेळ बरोबर. आली नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा.

*सावध:* काही सोसायट्यांमध्ये संध्याकाळी गच्चीला कुलूप लागतं. दुधी किंवा दोडका लावणार असाल तर किल्लीची सोय आधी करा, नाहीतर काकडी लावा.

३. आदल्या दिवशीची तयारी

उद्या उमलणारी कळी आज ओळखता येते. ती पूर्ण वाढलेली असते आणि टोकाला हिरव्याचा पिवळा किंवा पांढरा रंग दिसू लागलेला असतो. आदल्या दिवशी मांडवाखाली एक चक्कर मारा आणि मादी कळी जिथे असेल तिथे लोकरीचा धागा सैल बांधून ठेवा. दाट पानांत दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच.

सामान: चित्रकलेचा दोन नंबरचा मऊ ब्रश, पूर्ण कोरडा, छोटी कात्री, धागा, पावसाळा असेल तर कपड्यांचे चिमटे आणि कागदी कप. दोन वेगळ्या भाज्यांना एकच ब्रश वापरायचा असेल तर मध्ये धुऊन नीट वाळवा. कान साफ करायची कापसाची काडी मी वापरत नाही. पराग कापसात अडकून बसतो.

नर आणि मादी फूल एकाच दिवशी उमलत नाही, ही एकच वेल लावणाऱ्यांची नेहमीची अडचण. एका जातीच्या किमान दोन-तीन वेली लावा आणि शेवटची वेल दहा-बारा दिवस उशिरा लावा. दुसऱ्या इमारतीत कुणाकडे तीच भाजी असेल तर तिथून नर फूल आणलं तरी चालतं, फक्त भाजी तीच हवी. भोपळ्याचा पराग दुधीला लावून उपयोग नाही.

*सावध:* पॉलीहाऊससाठी तयार केलेल्या बिनबियांच्या काकडीच्या जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात. बियाण्याच्या पाकिटावर 'पार्थेनोकार्पिक' असं लिहिलेलं असेल तर त्या वेलीला हात लावू नका. तिला पराग मिळाला तर फळात बिया होतात आणि आकारही बिघडू शकतो.

४. प्रत्यक्ष परागीभवन

लाल भोपळ्यावर शिका. त्याची फुलं मोठी, सगळं स्पष्ट दिसतं.

एक: आजच उमललेलं नर फूल देठासकट कापा. कालचं मिटलेलं नको.

दोन: पाकळ्यांची घंटा फाडून काढून टाका. मध्ये करंगळीच्या पेराएवढा पिवळा दांडा उरतो. त्यावरची भुकटी जवळून पाहिली तर बारीक रव्यासारखी कणीदार दिसते. भोपळ्याचा परागकण आकाराने मोठा, काटेरी आणि तेलकट चिकट असतो. वाऱ्याने तो उडत नाही. म्हणून टोमॅटोसारखा वेल हलवून किंवा पंखा लावून इथे काहीच होत नाही. कुणीतरी तो उचलून नेऊनच ठेवावा लागतो.

तीन: मादी फुलाच्या पाकळ्या एका हाताने हलकेच बाजूला करा. मागच्या इवल्या फळाला धरू नका. त्याची साल फार नाजूक असते, बोटांच्या दाबाने डाग पडतो आणि तिथून फळ कुजतं.

चार: नर फुलाचा दांडा कुक्षीवर टेकवून सावकाश फिरवा, तिन्ही भागांवर आणि त्यांच्या मधल्या खाचांतही. दहा-पंधरा सेकंद पुरतात. दाबू नका, घासू नका.

पाच: दुसरं नर फूल घेऊन पुन्हा तेच करा. एका मादी फुलाला दोन नर फुलं हा माझा नियम आहे. नर फुलं भरपूर असताना कंजूषपणा कशाला?

इतकी काळजी का, ते आत काय घडतं त्यावरून कळेल. कुक्षीवर पडलेला परागकण तिथली ओल शोषून फुगतो आणि त्यातून एक सूक्ष्म नळी निघते. ती कुक्षीखालच्या दांड्यातून खाली वाढत जाऊन एका बीजांडापर्यंत पोचते आणि त्या एकाच बीजांडाचं फलन करते. एका परागकणातून एकच बी. लाल भोपळ्यात शेकडो बिया असतात, म्हणजे परागकणही शेकड्यांनीच पोचायला हवेत. वाढणाऱ्या बिया जी संप्रेरकं सोडतात त्यांच्यामुळे भोवतीचा गर फुगतो. जिथे बी धरली नाही ती बाजू मागे राहते. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला चिंबलेली काकडी, एका अंगाने खोल गेलेला भोपळा, हे बहुतेक वेळा अर्धवट परागीभवनाचे पुरावे असतात. ब्रश एकदा टेकवून "झालं" म्हणणाऱ्यांच्या वेलीवर अशी फळं दिसतात.

काकडी आणि कारल्याची फुलं लहान. तिथे नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून ते फूलच मादी फुलात टेकवता येतं. ते जमलं नाही तर ब्रश वापरा: नर फुलात गोल फिरवायचा, टोकावर पिवळं दिसलं की मादी फुलात फिरवायचा, असं दोन-तीनदा. दुधी आणि दोडक्यात मी थेट फुलानेच करते. ब्रशपेक्षा पराग जास्त लागतो.

*तपासा:* मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन कुक्षीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. तिन्ही भागांवर पिवळे ठिपके दिसले तर काम झालं. एक भाग स्वच्छ राहिला असेल तर लगेच पुन्हा करा, फूल मिटायच्या आत.

मग देठाला धागा बांधा आणि तारीख लिहून ठेवा. तारखेशिवाय पुढची तपासणी अंदाजाची होते.

५. पाऊस असेल तर

पराग पाण्यात पडला की कण फुगून फुटतो आणि निकामी होतो. सिंहगडाच्या बाजूने ढग उतरले आणि दिवसभर भुरभुर चालू राहिली की उघड्या फुलात पराग शिल्लकच राहत नाही. अशा दिवसांत सकाळच्या फुलांसाठी ही युक्ती वापरा:

आदल्या संध्याकाळी उद्याच्या नर कळ्या लांब देठासकट कापून पाण्याच्या पेल्यात ठेवा आणि पेला घरात आणा. सकाळी त्या तिथेच उमलतात आणि पराग कोरडा राहतो. मादी कळी वेलीवरच असते, तिच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावा आणि वर कागदी कप उपडा टाका. सकाळी पाऊस थांबलेल्या दहा मिनिटांत चिमटा काढा, पराग लावा, पाकळ्या पुन्हा मिटवून चिमटा लावा. दुसऱ्या दिवशी कप आणि चिमटा दोन्ही काढा, नाहीतर आत बुरशी धरते.

दुधी आणि दोडक्याचं हेच काम दुपारी चारला सुरू करायचं.

६. पुढचे पाच दिवस

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांत इवलं फळ गडद आणि तजेलदार होतं, देठ जाडसर होऊन खाली वळतो. पाचव्या दिवशी ते दुप्पट दिसलं तर फळ धरलं.

गळालेलं प्रत्येक फळ मात्र परागाअभावी गळत नाही. तीन गोष्टी वेगळ्या करा:

- टोकाकडून पिवळं पडून सुकत गेलं आणि सालीवर छिद्र नाही: परागीभवन फसलं. वेळ तपासा.
- सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग, त्यातून डिंकासारखा थेंब, कापल्यावर आत अळ्या: फळमाशी. ही फळं मातीत किंवा खताच्या डब्यात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. क्यूल्युरचा कामगंध सापळा (नर फळमाश्यांना वासाने ओढून अडकवणारा) लावा आणि धरलेल्या फळाला तिसऱ्या दिवशी कागदी पिशवी घाला.
- वेलीवर आधीची फळं मोठी होत असताना नवं, निरोगी फळ गळलं: वेलीला भार पेलत नाही. वीस लिटरच्या कुंडीत दुधीची दोन फळं एका वेळी खूप झाली. आधीची कोवळी असतानाच काढा, नवी धरतील.

या दिवसांत पाण्यात खंड नको. सकाळी कुंडी सुकली आणि संध्याकाळी भरभरून पाणी दिलं, असं दोनदा झालं की धरलेलं फळही वेल सोडून देतो.

७. बी धरायचं असेल तर

शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली, असं बरेच जण ठामपणे सांगतात. तसं होत नाही. कारल्याचा पराग काकडीला चालतच नाही. आणि चालणाऱ्या जातींमध्येही आज लागलेल्या परागाने आजच्या फळाची चव बदलत नाही, बदल होतो तो त्या फळातल्या बीमध्ये, म्हणजे पुढच्या वेलीत. या वर्षीची काकडी कडू निघाली तर कारण उष्णता, पाण्याचा ताण किंवा मूळ बियाणं यात शोधा.

म्हणूनच चांगल्या वेलीचं बी ठेवायचं असेल तर परागावर पहारा हवा. पाचव्या पायरीतला चिमटा पाऊस नसतानाही आदल्या दिवशी नर आणि मादी दोन्ही कळ्यांना लावा. उमलण्याच्या वेळी उघडा, आपल्या हाताने पराग लावा, मादी फूल लगेच बंद करा. धागा लाल बांधा, म्हणजे घरातलं कुणी ते फळ भाजीला तोडणार नाही. फळ वेलीवरच पूर्ण जून होऊ द्या.

*सावध:* दुधी चवीला कडू लागला तर तो खाऊ नका, रस तर अजिबात पिऊ नका. कडू दुधीने गंभीर विषबाधा होते. त्याचं बीही ठेवू नका.

दुसऱ्या झाडांबद्दल थोडक्यात

टोमॅटो, वांगी आणि मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि कुक्षी दोन्ही असतात, ब्रशची गरज नाही. टोमॅटो आणि वांग्याचा पराग परागकोशात कोंडलेला असतो आणि कंपनाने बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला धरून गुंगुं करतो ते याचसाठी. सकाळी फुलाच्या देठाला बोटाने दोन-चार टिचक्या मारा, पुरे. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुलं उष्णतेनेच गळतात, तेव्हा टिचक्यांनी फरक पडत नाही, सावली करा.

कर्टोल्याची नर आणि मादी झाडंच वेगळी असतात. एकच कंद लावून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्यांनी आधी आपलं झाड कोणतं ते फुलाच्या मागे पाहून ठरवावं.

सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, म्हणून एका फुलाचा पराग त्याच फुलाला कामी येत नाही. पाकळ्या नुकत्या विलग झालेलं फूल मादी अवस्थेतलं, पूर्ण फाकलेलं आणि पराग झडणारं फूल नर अवस्थेतलं. संध्याकाळी फाकलेल्या फुलांतला पराग कागदाच्या पुडीत झटकून गार जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ब्रशने अर्धवट उघडलेल्या फुलांत आतपर्यंत फिरवा. पुरंदरच्या पट्ट्यात बाग असेल तर कोरड्या मे महिन्यात चार फांद्यांवर करून बघण्यासारखं आहे.

फवारणीची वेळ

मावा आला की कडुनिंबाचं तेल फवारावं लागतं, आणि "संध्याकाळी फवारा, मधमाश्या नसतात" हा सल्ला सगळेच देतात. काकडी, कारलं, घोसाळं, भोपळा यांना तो बरोबर आहे. दुधी, दोडका आणि पडवळाला चुकीचा. त्यांची फुलं तेव्हाच उमलत असतात, पराग ओला होतो आणि पतंगही त्याच वेळी येतात. या तीन वेलींवर फवारणी सकाळी आठच्या सुमाराला करा, रात्रीची फुलं मिटल्यानंतर आणि ऊन तापायच्या आत. मांडवावर दोन्ही प्रकारचे वेल एकत्र चढले असतील तर मावा लागलेली पानं तेवढी हाताने पुसा किंवा खुडून टाका.